गणू वेसकराची नात

बनसोडे सिस्टर गेल्या त्याच्या पाचव्या दिवशी कॉलनीच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. सात जण बोलले आणि सातही जणांनी त्यांना मायाळू म्हटलं. चेअरमन म्हणाले, "त्यांच्या तोंडून कधी कुणाला कडू शब्द गेला नाही." या चेअरमनांना सिस्टरांनी माझ्यादेखत तीनदा मूर्ख म्हटलं होतं, त्यातलं एकदा लेखी. कुणी त्यांना वात्सल्यमूर्ती केलं, कुणी सेवेचा नंदादीप. फोटोतल्या सिस्टर भुवया आखडून समोर बघत होत्या. फोटोग्राफरनं हसायला सांगितलं असणार आणि "कशापायी?" असं विचारून त्यांनी त्याला गार केलं असणार. मी मागच्या रांगेत दात आवळून बसलो होतो.

त्या मायाळू नव्हत्या. रागावलेल्या होत्या. जन्मभर, सलग. त्यांच्या रागाला कारण असायचं, पत्ता असायचा आणि बहुतेक वेळा तो पत्ता बरोबर असायचा. एकदा तो माझ्या घराचा निघाला.

मिरजेच्या एका मोठ्या इस्पितळात त्यांनी चौतीस वर्षं नर्स म्हणून काम केलं. मी सांगलीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. निवृत्तीनंतर आमच्या अंगणांमध्ये एक भिंत सामाईक होती आणि आमच्या दोघांत एक आजार सामाईक होता. वस्तूवर तिचं नाव नसलं की आम्हाला चैन पडत नसे. त्यांच्या स्वयंपाकघरात प्रत्येक डब्यावर दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी असायची आणि तिच्यावर बॉलपेननं मजकूर. "तिखट. घरचं. मार्च." "शेंगांचा कूट. जाडा." एका बरणीवर लिहिलं होतं, "लोणचं. खारट झालंय. मिलिंदला चालतं." मिलिंद हा त्यांचा एकुलता एक मुलगा, पुण्यात बँकेत मोठ्या हुद्द्यावर.

बाई ठेंगणी, मनगटावर पुरुषी घड्याळ, चालणं असं की कुठल्यातरी खाटेजवळची घंटा नुकतीच वाजली आहे. राग आला की त्यांचा आवाज चढत नसे, उतरत असे. वॉर्डात ओरडता येत नाही, त्यातून लागलेली सवय. त्या नेहमीच्या आवाजात "आवं जोशी" म्हणाल्या तर समजायचं की आज बरं चाललंय. कुजबुजत म्हणाल्या तर मी आधी स्वतःचा कालचा दिवस आठवून बघायचो.

त्यांच्याबरोबर काम केलेल्या एका नर्सनं मला सांगितलेली हकिगत आहे. मोठ्या शहरातून एक नामांकित सर्जन मिरजेला ऑपरेशनं करायला यायचे. ते आले की कॉरिडॉरमध्ये वऱ्हाड निघाल्यासारखं वाटायचं. पुढे ते, मागे चार शिकाऊ डॉक्टर, त्यातल्या एकाच्या हातात साहेबांचा चष्मा. एके दिवशी पेशंट टेबलावर, भूल द्यायची तयारी झालेली आणि सिस्टर दारात उभ्या. "पेपर दुसऱ्याचा हाय," त्या म्हणाल्या. साहेब थबकले. त्यांना दारात कुणी अडवण्याची सवय नव्हती. "तुम्हाला माहीत आहे का, मी कोण आहे?" सिस्टर म्हणाल्या, "तुमी कोण ते मला म्हाईत हाय, सर. टेबलावर कोण हाय ते इच्यारतीय मी."

टेबलावर खरंच दुसराच माणूस होता. साहेबांनी आभार मानले नाहीत. मी पुढे एकदा सिस्टरांना त्याबद्दल विचारलं, तर त्या माझ्याकडे कीव आल्यासारख्या बघत राहिल्या. "आभार काय करायचं? त्यो माणूस सोताच्या पायानं घरी गेला की."

निवृत्तीच्या दिवशी त्यांना शाल, नारळ आणि सोनेरी चौकटीतलं मानपत्र दिलं. मानपत्र वाचणाऱ्या गृहस्थांनी आवाजात कंप आणून "आपण मानवी देहातील देवदूत आहात" हे वाक्य दोनदा वाचलं. सिस्टर उठल्या आणि माइकपाशी जाऊन म्हणाल्या, "मी देवदूत न्हाई. मी पगारी नर्स हाय. देवदूतांस्नी पेन्शन न्हाई आन मला पायजे. तेवढं कागदात दुरुस्त करा." लोक हसले, टाळ्या वाजल्या, बाई विनोदी आहेत असं ठरलं. मानपत्र त्या घरी घेऊन आल्या, काच काढली आणि त्या चौकटीत औषधांच्या वेळा लिहून भिंतीला लावल्या. अशा वेळी आपण हसतो, ते सोपं असतं. त्यांना काय म्हणायचं होतं ते कुणी ऐकलं नाही. मला आहे ते म्हणा, एवढंच त्या म्हणत होत्या.

मला त्या दोन गोष्टींवरून टोचायच्या. एक म्हणजे माझा चहा आणि दुसरं माझं घराणं. "लिवायचं काम तुमच्याच घराण्याकडं पहिल्यापासनं," असं म्हणून विजेच्या तक्रारीपासून नातीच्या शाळेच्या अर्जापर्यंत सगळे कागद माझ्यापुढे ठेवायच्या. "तुमी लिवा. मी वाचते. बगू कोण चुकतंय." स्वतःचं अक्षर मोत्यासारखं असून.

त्यांच्या घराला रंग लावायचा होता तेव्हा कपाटावरचं सामान उतरवायला मी गेलो. भिंतीलगत गोणपाटात गुंडाळलेलं लांबच लांब काहीतरी होतं. "हळू," खालून सिस्टर म्हणाल्या, कुजबुजत. "वाजंल ते."

ते वाजलं. गोणपाट सोडल्यावर आतून पुरुषभर उंचीची जाड काठी निघाली. टोकाला लोखंडी कडं आणि कड्यात घुंगरं. बरीच तुटून गेलेली, तीन उरलेली. मधोमध, जिथं हात धरतो तिथं, लाकूड झिजून बारीक आणि काळं तुळतुळीत झालेलं. इतकं की चार बोटांच्या जागा कळत होत्या.

कुंडलच्या अलीकडं एक खेडं आहे. सिस्टरांचे आजोबा गणू कांबळे तिथले वेसकर. वेसकरानं गावाच्या वेशीवर राखण करायची, सरकारी टपाल पुढच्या गावाला पायी पोचवायचं, आल्यागेल्याची वर्दी पाटलाला द्यायची, मेलेलं जनावर ओढायचं आणि संध्याकाळी घरोघरच्या उंबऱ्याबाहेर उभं राहून भाकरी मागायची. ही भाकरी म्हणजेच मजुरी. काठीला घुंगरं एवढ्यासाठी की महार येतोय हे लांबून कळावं. ज्याला विटाळ नको त्याला बाजूला व्हायला वेळ मिळावा.

छप्पन साली वस्तीनं धर्म बदलला. त्याच आठवड्यात गणू कांबळे चावडीवर गेले, पाटलापुढे काठी ठेवली आणि म्हणाले, "ही तुमची काठी. उद्यापासनं म्या न्हाई." कुणीतरी ती उचलून गटारात फेकली. त्यानंतर कित्येक महिने वस्तीला गिरणीत दळण मिळालं नाही, दुकानात मीठ मिळालं नाही. सिस्टर तेव्हा तीन वर्षांच्या. हे सगळं त्यांना आजीनं सांगितलेलं. त्या आजीनंच भर दुपारी, गाव बघत असताना, गटारात उतरून काठी बाहेर काढली होती.

"चुलत्यांनी लय वाद घातला," सिस्टर काठी पुसत सांगत होत्या. "म्हनले, जाळून टाक, लाज हाय ती आपली. आज्जी म्हनली, लाज आपली न्हाई रं, त्येंची हाय. ऱ्हाऊ दे. उद्या कुणी म्हनलं की असं काय नव्हतंच, तर काय दावशील?"

हे मी ऐकलं आणि मला एक कल्पना सुचली. माझ्या आयुष्यातल्या वाईट कल्पनांत तिचा नंबर बराच वर आहे.

साताऱ्यात एका संस्थेनं नवीन वारसा दालन उघडलं होतं. तिथला व्यवस्थापक प्रशांत माझ्या ग्रंथालयात अभ्यासाला बसणारा विद्यार्थी. मी सिस्टरांना म्हटलं, सुट्टीत हजारो कुटुंबं साताऱ्याला जातात, किल्ला बघतात, राजवाडा बघतात, तलवारी आणि झुंबरं बघतात, कंदी पेढे घेऊन परत येतात. ही काठी त्यांनी बघायला नको का? सिस्टरांनी विचाराला आठ दिवस घेतले. नवव्या दिवशी भिंतीवरून म्हणाल्या, "तलवारी समदे दावत्यात. दारात कोण हुबा हुता ते कोण दावतंय? देऊ. पर पाटी माझी."

पाटीचा मजकूर त्यांनी सांगितला, मी लिहिला. "वेसकराची काठी. गणू कांबळे यांनी वापरली. छप्पन साली खाली ठेवली."

"टाकली असं नगं," त्यांनी बजावलं. "ठेवली. त्येनं ठेवली. टाकली दुसऱ्यांनी."

मग देणगीचं पत्र. ते मी लिहिलं. तीस वर्षं मी ग्रंथालयासाठी लोकांनी दिलेली पुस्तकं स्वीकारत होतो. त्याचा एक ठरलेला नमुना असतो आणि तो माझ्या बोटांत बसलेला. वस्तू विनामूल्य अर्पण करीत आहे, तिच्यावर हक्क सांगणार नाही आणि शेवटी, "वर्गीकरण, नामकरण व मांडणी यांचे सर्व अधिकार संस्थेकडे राहतील." पुस्तकाच्या बाबतीत याचा अर्थ एवढाच की तुमच्या काकांचा कवितासंग्रह आम्ही कुठल्या कपाटात ठेवायचा ते आम्ही ठरवू. सिस्टरांनी पत्र वाचलं. शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "ह्ये काय?"

"नेहमीचं असतं ते," मी म्हटलं. "औपचारिक."

पेपर वाचल्याशिवाय औषधाचा थेंब न देणाऱ्या बाईनं, मी नेहमीचं आहे म्हटलं म्हणून, सही केली.

पुढच्या मे महिन्यात नात सई सुट्टीला आली. नऊ वर्षांची, चष्मेवाली, प्रश्नांची खाण. सिस्टरांनी ठरवलं, सगळ्यांनी साताऱ्याला जायचं, शहर दाखवायचं आणि काठी दाखवायची. सूनबाईंना सुट्टी नव्हती. मिलिंदनं गाडी काढली, मागे सिस्टर आणि सई, पुढे मी. चपात्या, शेंगांची चटणी आणि पाण्याची बाटली. बाटलीवर पट्टी, "पाणी. उकळलेलं."

इस्लामपूर ओलांडल्यावर मिलिंद आरशात बघत म्हणाला, "आई, तिला काठीचं सगळं एकदम सांगू नकोस हं. शाळेत जाऊन बोलेल."

"बोलंल की. शाळा कशाला हाय?"

"तसं नाही गं. तिथं कुणाला आपलं काही माहीत नाहीये. कशाला उगाच?"

कराड येईपर्यंत सिस्टरांनी सईला उसाची शेतं दाखवली.

आधी किल्ला केला. वरपर्यंत गाडी जाते, तरी सिस्टर दरवाजाच्या अलीकडे उतरल्या. दरवाजातून माणसांचा लोंढा आत चालला होता, टोप्या, गॉगल, कडेवर पोरं. सगळ्यांच्या माना वर, बुरुजाकडे. सिस्टरांनी सईला दरवाजाच्या कडेला, भिंतीला पाठ लावून उभं केलं.

"हितं हुबी ऱ्हा. येणारं-जाणारं समदं दिसतंय का?"

"दिसतंय."

"तुज्याकडं कोण बगतंय का?"

सईनं नीट वेळ घेऊन बघितलं. "नाही. कुणीच नाही."

"बास. आता चल."

इतिहासाचा इतका नेमका तास मी कॉलेजात एकदाही ऐकलेला नाही.

मग दालन. बाहेर फायबरच्या दोन तोफा, आत गेल्यागेल्या फायबरचं सिंहासन, त्यावर बसून फोटो काढायला रांग. हवेत कसलासा गुलाबी फवारा मारलेला. फेटा आणि अंगरखा घातलेला एक तरुण गाइड, अंगरख्याखाली जीन्स, कानाला माइक. दारात तसाच फेटा बांधलेला वयस्कर रखवालदार. मधल्या दालनात लाल मखमल, तिच्यावर काचेची उभी पेटी आणि पेटीत काठी.

मी आधी ओळखलीच नाही. लाकडाला चकचकीत पॉलिश होतं. झिजलेली जागा भरून काढून सरळ केली होती, बोटांच्या खुणा गेल्या होत्या. कड्यात तीनाऐवजी बारा घुंगरं, सगळी नवी, पिवळीधमक. खाली पितळी पाटी. "राजदरबारातील चोपदाराचा दंड. संस्थेच्या अध्यक्षांच्या घराण्याचा खासगी संग्रह."

गाइडनं खिशातल्या रिमोटचं बटण दाबलं. तुतारी वाजली. "हा दंड जमिनीवर आपटला," तो गरजला, "की सगळा दरबार अदबीनं उभा राहायचा! बघा, डोळ्यांपुढे आणा ते वैभव!" लोकांनी वैभव डोळ्यांपुढे आणलं, म्हणजे मोबाइल वर केले.

सई मोठ्यानं म्हणाली, "आजी! आपले आजोबा दरबारात होते?"

चारसहा जणांनी वळून बघितलं, कौतुकानं. मिलिंद पुढे झाला, म्हणाला, "उभी राहा तिथं, फोटो काढतो."

"फोन खाली घे, मिलिंद," सिस्टर म्हणाल्या. मला ऐकू आलं नाही, ओठांवरून कळलं.

"आई, ऐक. असू दे ना. चोपदार म्हणजे वाईट आहे का काही?"

"वाईट न्हाई. खोटं हाय."

"पण कुणाचं नुकसान होतंय? उलट चांगलंच लिहिलंय. सईला किती भारी वाटलं बघ. तिनं काय ऐकायचं, भाकरी मागायचे ते?"

"मागत न्हवता त्यो," सिस्टर म्हणाल्या. "कमवत हुता. त्या भाकरीवर तुझा आजा वाडला, मी वाडले, तू बँकेत बसलास. तुला लाज वाटती व्हय रं? मग चुलत्यांचं खरं हुतं, जाळाय पायजे हुती."

मिलिंद लाल झाला. "तुला काय, तू मिरजेत राहतेस. मला तिथं रोज राहायचं असतं, त्या लोकांत." एवढं बोलून तो गाडीकडे निघून गेला. त्याचा मला तेव्हा राग आला. नंतर विचार केल्यावर थोडा कमी आला. प्रशांतचा मात्र दर वेळी वाढत गेला आहे.

प्रशांतनं आम्हाला थंडगार खोलीत बसवलं, सरबत मागवलं, माझ्या पाया पडला. मग म्हणाला, "सर, तुम्ही समजून घ्या. इथं फॅमिली क्राउड येतो. लोकांना अभिमान वाटेल असं काहीतरी हवं असतं. आजींची पाटी लावली असती तर वातावरण जड झालं असतं. आम्ही तर वस्तूचा मान वाढवला."

"मान?" सिस्टर म्हणाल्या. "तुज्याकडं मान मागाय कवा आले हुते रं मी? म्या पाटी दिली हुती. तीन वाक्यांची. ती कुटं हाय?"

"फाइलला आहे."

"मग भाईर काड. न्हाईतर काठी दे."

प्रशांतनं फाइल काढली, पण पाटीसाठी नाही. माझं पत्र काढलं. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून माझ्याकडे फिरवलं, फार नम्रपणे. वर्गीकरण, नामकरण व मांडणी. नामकरण हा शब्द मी घातला होता. एवढ्या मोठ्या इमारतीत, एवढ्या फेट्यांत आणि तुताऱ्यांत, कायद्यानं पक्की अशी एकच गोष्ट होती आणि ती माझ्या हस्ताक्षरात होती.

"कुणी लिवलंय?" सिस्टरांनी विचारलं.

"मी."

"लिवताना वाचलं हुतं का?"

"हो."

घराण्याचा टोमणा त्या मारतील म्हणून मी वाट बघत होतो. तो त्यांनी मारला नाही. त्या दिवसानंतर कधीच मारला नाही. मारला असता तर बरं झालं असतं.

त्या उठल्या, सरबत तसंच ठेवून बाहेर गेल्या आणि काचेच्या पेटीच्या उजव्या अंगाला, भिंतीला पाठ न टेकता, ताठ उभ्या राहिल्या. पुढचा घोळका आला. गाइडनं बटण दाबलं, तुतारी वाजली, तो "हा दंड" म्हणाला आणि सिस्टर वॉर्डातल्या आवाजात बोलू लागल्या. तो आवाज मोठा नसतो, पण पलीकडच्या खाटेपर्यंत जातो. "दंड न्हाई ही. वेसकराची काठी हाय. माज्या आज्याची. गणू कांबळे. ह्या बाजूनं हात धरून धरून झिजली हुती, ती ह्येंनी बुजवली. घुंगरं तीन हुती."

घोळका थांबला. एक बाई पुढे सरकली, म्हणाली, "मग हे असं का लिहिलंय हो?" तिच्या नवऱ्यानं तिचा दंड धरला. "चल गं. फिरायला आलोय आपण." एक गृहस्थ, कपाळाला गंध, पोराला खांद्यावर घेतलेले, मोठ्यानं म्हणाले, "इथं तरी जातपात आणू नका, आजी. इतिहास आहे हा."

"व्हय की," सिस्टर म्हणाल्या. "मी काय भूगोल सांगतीय?"

तीन घोळके त्यांनी असे अडवले. चौथ्याच्या वेळी प्रशांतनं रखवालदाराला पाठवलं. तो जतकडचा, सिस्टरांहून थोडा लहान, फेटा सैल झालेला. अगदी जवळ येऊन हळू म्हणाला, "आवं आजी, चला की. मला सांगत्यात हाताला धरून काडा. म्या कसं काडू? न्हाई काडलं तर मलाच काडत्याल."

सिस्टरांनी त्याच्याकडे बघितलं. "किती वरसं हुबा हायसा?"

"उघडल्यापास्नं."

"बसाय खुर्ची देत न्हाईत?"

"लोकांस्नी दरबारावानी वाटाय पायजे म्हनत्यात."

सिस्टरांचा चेहरा असा झाला की मला वाटलं, आता त्या खरंच ओरडतील. पण त्या म्हणाल्या, "तुमची नोकरी न्हाई घालवत मी," आणि सईचा हात धरून बाहेर पडल्या.

पेढे घेतले नाहीत. परत निघालो. कराडच्या अलीकडे सईनं विचारलं, "आजी, मग खरं काय होतं?" आणि सिस्टर सांगू लागल्या, वेशीपासून गटारापर्यंत, एकही गोष्ट न गाळता. मिलिंदनं रेडिओ लावला. सई म्हणाली, "बाबा, बंद करा ना, ऐकू येत नाही." त्यानं हात पुढे केला, थोडा वेळ तसाच धरला आणि बंद केला. पेठ नाक्यापर्यंत त्या बोलत होत्या. मी पुढच्या काचेतून रस्ता बघत होतो, इतका लक्ष देऊन की गाडी जणू मीच चालवत होतो.

मी संस्थेला चार पत्रं लिहिली. पहिल्यात विनंती केली, चौथ्यात शिव्या, अर्थात ग्रंथालयीन भाषेत. एका पत्राला उत्तर आलं, "आपल्या भावनांची नोंद घेण्यात आली आहे." वर्तमानपत्राला लिहिलं, त्यांनी ते वाचकांच्या पत्रव्यवहारात पाच ओळींचं करून "वारसा दालनाबाबत सूचना" या मथळ्याखाली छापलं. अध्यक्षांचा त्याच आठवड्यात कुठल्याशा मंडळातर्फे इतिहासप्रेमी म्हणून सत्कार झाला. तो पहिल्या पानावर होता.

सिस्टर माझ्याशी महिनाभर बोलल्या नाहीत. मग एका सकाळी भिंतीवर डबा आला, धपाटे होते. पट्टीवर लिहिलं होतं, "जोशी. वाचून खाणे."

आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्या पहिल्या एसटीनं साताऱ्याला जाऊ लागल्या. एकट्या. तिकीट काढायच्या, आत जाऊन पेटीच्या उजव्या अंगाला उभ्या राहायच्या. प्रशांतनं त्यांना बंदी करून बघितली. रखवालदार त्याला सांगायचा, आजी मला कधी दिसल्याच नाहीत. त्याची नोकरी मात्र त्यांनी मोजून मापून सांभाळली. कचेरीचं दार वाजलं की तो खोकायचा आणि सिस्टर तलवारींकडे बघू लागायच्या. हे त्यांनी मला स्वतः सांगितलं, हसत. त्यांना हसताना मी बघितलं ते तेवढंच.

पायांना सूज यायला लागली होती. मी म्हटलं, कशाला जाता, पाटी काही बदलत नाही. "न्हाई बदलत," त्या म्हणाल्या. "म्हनून तर जायाचं." मिलिंदनं फोनवर रागावून सांगितलं. सईनं त्याच फोनवर विचारलं, "आजी, या महिन्यात किती जणांनी ऐकलं?"

पाटी आजही तीच आहे. मागच्या महिन्यात जाऊन बघून आलो. सिस्टर गेल्या त्या हिवाळ्याच्या सुरुवातीला मी एकदाच त्यांच्याबरोबर गेलो होतो. एसटीत त्यांनी मला खिडकी दिली नाही. दालनात त्यांनी मला तोफांपाशीच थांबायला सांगितलं. "तुमी लांब ऱ्हावा. तुमच्याकडं बगून कुणी न्हाई थांबायचं."

मी दारातून बघत होतो. एक कुटुंब आलं, आईवडील आणि सहासात वर्षांची मुलगी. तुतारी वाजली, गाइड बोलून पुढे गेला. सिस्टर काठीचं, वेशीचं, घरोघरच्या भाकरीचं बोलू लागल्या. वडील थोडं ऐकून सिंहासनाच्या रांगेकडे वळले. आई घुटमळली. मुलगी काचेला नाक लावून उभी होती.

"सगळ्यांकडून भाकरी घ्यायचे, मग ते जेवायचे कधी?" तिनं विचारलं.

सिस्टर गुडघ्यावर हात ठेवून वाकल्या. "घरी गेल्याव. गार झालेली असायची. समद्यांनी वाटून खायची."

"वेगवेगळ्या घरांची?"

"व्हय. एक जवारीची, एक बाजरीची. कुणाची करपल्याली."

मुलगी विचार करत राहिली. आईनं तिला हाक मारली, ती गेली, जाताना दोनदा मागे वळून बघितलं. सिस्टरांनी कंबर सरळ केली, पदर नीट केला. पुढचा घोळका दारातून आत येत होता, पंधरावीस जण, माना वर, मोबाइल हातात. त्यातला एक माणूस त्यांना ओलांडून पुढे निघाला होता. त्याच्या वाटेत त्यांनी हात आडवा धरला.

"तिकीट काढलंय न्हवं?" त्या म्हणाल्या. "मग समदं बगून जावा."